उजव्या कुशीचा रकाना

माझ्या डाव्या खुब्यावर एक खड्डा होता. आत लिंबू बसेल एवढा. तो मला कधीच दुखला नाही. पहिल्यांदा पाहिला तो बायकोच्या मोबाइलवर, आणि पाहून मी विचारलं, "हा कोणाचा फोटो?" आता तो भरून आलाय. वर गुलाबी, पातळ कातडी धरली आहे. हात लावला तर बोटांना कळतं, खुब्याला कळत नाही.

मी रमाकांत. वय चोपन्न. कामणला एका गोदामात वीस वर्षं डिस्पॅच सांभाळला, आणि सकाळ-संध्याकाळ वसईतली आमची वाडी. छातीपासून खाली मला काही जाणवत नाही आणि काही हलत नाही. कोणी हळहळावं म्हणून हे लिहीत नाही. हळहळ मला भरपूर मिळाली, शहाळ्यांसकट. पुनर्वसन केंद्रातून घरी सोडताना आम्हाला एक पुस्तिका दिली होती. लघवीची नळी कशी बदलावी, गादी कोणती घ्यावी, काय खावं, सगळं तिच्यात आहे. पेशंट खोटं बोलतो, एवढंच तिच्यात नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी पडून असेल तर तेवढ्यासाठी हे वाचा.

सहा फूट

नारळावरून पडलो असतो तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी पडलो चाफ्यावरून. आमची सोनचाफ्याची झाडं छाटून बुटकी ठेवलेली आहेत, लाकडी शिडीवर चार पायऱ्या चढलं की हात पोचतो. गणपती दोन दिवसांवर आलेले, फुलाला मागणी, आणि कळ्या उजाडायच्या आत उतरवाव्या लागतात. शिडीची पायरी ओली होती. खाली पाटाचा दगडी काठ होता, त्यावर पाठ आपटली.

दुखलं असं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की फुलांची भरलेली परडी माझ्या पोटावर पडली होती आणि तिचं वजन मला लागत नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो. मोठा भाऊ नरेश, आमचा दादा, धावत आला, त्याने मला काखेत हात घालून उचललं. पाठीवर पडलेल्या माणसाला असं उचलायचं नसतं, फळीवर सरकवायचं असतं. त्याने फरक पडला की नाही हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण तुम्ही उचलू नका.

टाचणी

मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या बसल्या. चौथ्या दिवशी एक डॉक्टरबाई टाचणी घेऊन आल्या. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली.

"कळतंय?"

"हो."

"इथे?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, डोळे मिटा."

डोळे मिटल्यावर मी तीन वेळा "हो" म्हणालो. त्यातल्या दोन वेळा त्यांनी टाचणी लावलीच नव्हती. मी त्यांचा हात बघून उत्तरं देत होतो, हे त्यांना पहिल्या मिनिटातच कळलं होतं. त्या रागावल्या नाहीत. टाचणी हळूहळू वर आणत गेल्या. निपलच्या जरा वर आल्यावर मी "आई गं" म्हणालो. त्यांनी तिथे पेनाने रेघ मारली. ती रेघ पुसली गेली, पण मला ती कुठे होती ते आजही बोट ठेवून सांगता येतं.

बाहेर जाऊन त्यांनी बायकोला, नीलाला, आणि दादाला सांगितलं. मला नीलाच्या चेहऱ्यावरून कळलं. ती आत येऊन माझ्या पायावरची चादर नीट करत बसली. बराच वेळ ती एकच घडी करत होती. मला भीती वाटली, अगदी पोटातून म्हणतात तशी, पण पोट कुठे होतं? गळ्यातच वाटली.

कुत्रा भुंकणार नाही

वॉर्डमधले दिवस सांगण्यासारखे नाहीत. दर दोन तासांनी चार माणसं यायची, चादर धरायची, "एक, दोन, तीन" म्हणायची आणि मी लाकडाच्या ओंडक्यासारखा कुशीवर. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला निमोनिया झाला. तो खोकू शकत नव्हता, म्हणून त्याच्या पोटावर हात दाबून खोकला काढायचे. आठवड्याने खाट रिकामी झाली. बरा होऊन गेला की कसा, हे मी विचारलं नाही. वॉर्डबॉयने आपण होऊन गादी पुसली.

त्यानंतर मी डॉक्टरबाईंना विचारलं, "माझा मणका मोडलाय. मग सर्दी-खोकल्याला एवढे का घाबरता?"

त्यांनी स्टूल ओढलं. हे मला आवडलं, उभ्याने बोलणारे डॉक्टर मला सहन होत नाहीत. म्हणाल्या, मज्जारज्जूतून फक्त पायांना हुकूम जात नाहीत. प्लीहा, हाडांतला मगज, गाठी, जिथे रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात नि राहतात, तिथेही त्याच वाटेने निरोप जातात. वाट वरच्या बाजूला तुटली की निरोप धड पोचत नाहीत. पेशी असतात, पण मंद होतात. जखम भरायला वेळ लागतो. साधा जंतूही आत घुसून बसतो. शिवाय दुखणं कळत नाही, आणि तापाचाही भरवसा नाही. कधी खोली गरम म्हणून अंग गरम, कधी आत पू झालेला आणि अंग गार.

दादा माझ्या पायांशी उभा होता. त्याने थोडा विचार केला. "म्हणजे चोर आला तर कुत्रा भुंकणार नाही," तो म्हणाला, "आणि भुंकला तरी उठणार नाही."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "म्हणून राखण तुम्हाला करायची आहे."

हे दादाने मनावर घेतलं. घरी आल्यावर तो आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा आणि भेटायला आलेल्या माणसाला नाक ओढताना ऐकलं की तिथूनच परत पाठवायचा. आमच्या आळीत आजाऱ्याला भेटायला आलेल्याला दारातून परत पाठवणं म्हणजे पुढच्या दोन लग्नांची आमंत्रणं गेली. त्याने सख्ख्या मामालाही पाठवलं. हे सांगतोय कारण पुढे त्याच माणसावर काय वेळ आली ते तुम्हाला कळावं.

बारी

आमची विहीर एक, घरं दोन. दादाचं आणि माझं. आजोबांच्या वेळेपासून पाण्याची बारी लागलेली आहे: अमुक तास त्यांच्या केळीला, अमुक तास आमच्या चाफ्याला. मोटरच्या खोलीत एक पाटी टांगलेली असते. ज्याची बारी त्याने वेळ लिहायची, नाव लिहायचं, संपलं. दुसऱ्याच्या बारीत कोणी बोट घालत नाही. पाणी पाटाबाहेर वाहताना दिसलं तरी बोलत नाही. आणि "तुझी बारी चुकली" किंवा "तू माझ्या बारीतलं घेतलंस" हे शब्द कोणी तोंडातून काढत नाही. त्या शब्दांवरून आमच्या आळीतली दोन घरं तीस वर्षं एकमेकांच्या मयतालाही गेली नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास मी घरी आलो. मुलगा बंगळूरला नोकरीला, तो रोज फोनवर. नीला एकटी किती करणार? दादाने दुसऱ्याच दिवशी माझ्या खाटेला तसलीच पाटी टांगली. सकाळी नीला, दुपारी वहिनी, दुपारनंतर दादा, रात्री पुन्हा नीला. दर दोन तासांनी कूस बदलायची. वेळ लिहायची, नाव लिहायचं.

कूस कुठली, ते लिहायचं कोणाला सुचलं नाही. पाणी एकाच दिशेने जातं, त्याची बाजू कोण लिहितो? बाजू मला विचारायची असं ठरलं. मी शुद्धीवर होतो, शहाणा होतो, डिस्पॅच सांभाळलेला माणूस होतो.

माझी खाट अशी होती की डाव्या कुशीवर झालो की खिडकी. खिडकीतून विहीर, पाट, चाफ्याची पहिली रांग. उजव्या कुशीवर झालो की भिंत, आणि भिंतीला टेकून घडी करून ठेवलेली व्हीलचेअर. तिच्यावर अजून प्लॅस्टिक होतं.

पाठीवर असताना मला धाप लागायची, त्यामुळे पाठीवर फार वेळ ठेवत नसत. मग वहिनी यायच्या. "भावजी, आता कुठल्या कुशीवर?"

"डाव्या. नीलाने मघाशी उजवीकडे ठेवलं होतं."

दादा यायचा. "कुठे?"

"डावीकडे. वहिनींनी उजवीकडे केलं होतं."

नीला यायची, तिला दादाचं नाव सांगायचो. रात्री ती अर्धवट झोपेतच असायची, मी म्हणेन तसं वळवायची. एकदा ती म्हणाली, "तुम्ही बरे सारखे खिडकीकडेच दिसता." मी म्हणालो, "तू येतेस तेव्हाच तसं होतं." ती हसली आणि मला डावीकडे वळवलं.

मला वाडी बघायची होती. ती खुर्ची बघायची नव्हती. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं.

चाफ्याचा वास

होळीच्या आधी मला बरं वाटेनासं झालं. बरं वाटत नव्हतं म्हणजे काय, हे सांगता येत नव्हतं. जेवण नको. डोकं ठणकायचं. कपाळावर घाम यायचा, दंडावर काटा उभा राहायचा, आणि पायांना हात लावून पाहिला तर गार. नीला थर्मामीटर लावायची, ताप नाही. वहिनी माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायच्या, "घाम फुटलाय. आतला ताप बाहेर पडतोय, बरंच आहे." आमच्या घरात घाम आला की माणूस बरा होतो असं लहानपणापासून सगळ्यांना माहीत आहे. मलाही. माझ्यासारख्या शरीरात तो घाम म्हणजे खालून काहीतरी ओरडतंय एवढंच असतं.

नीला रोज टॉर्च घेऊन माझी पाठ बघायची. पुस्तिकेत माकडहाडाचं चित्र होतं, म्हणून ती माकडहाड बघायची. ते स्वच्छ होतं. खुब्यावर एक काळपट डाग तिला दिसला होता. खाटेची कड लागली असेल म्हणून तिने त्यावर खोबरेल तेल चोळलं, चांगलं दहा दहा मिनिटं. असा डाग दिसला तर चोळू नका. त्याच्यावरचं वजन काढा आणि डॉक्टरला दाखवा. आतलं मांस आधी मरतं, कातडी शेवटी फाटते.

वास मात्र यायला हवा होता. पण आमच्या घरात पुढच्या खोलीत चाफा बांधायचं काम चालतं. केळीच्या पानात कळ्यांच्या पुड्या, टोपल्याच्या टोपल्या. बाहेरून आलेल्याला घेरी येईल असा वास. आम्हाला तो येतही नाही.

नळी बदलायला नायगावकडच्या खाडीकाठच्या गावातून आग्नेस नावाची नर्स यायची. पन्नाशीची, कमी बोलणारी, चपला बाहेर काढताना आधी घड्याळ बघणारी. त्या दिवशी ती उंबऱ्यातच थांबली.

"वहिनी," ती नीलाला म्हणाली, "चाफ्याच्या खाली कसला वास येतो?"

तिने येऊन मला सरळ पालथा केला. कोणाला विचारलं नाही. मग नीलाला म्हणाली, "पानी उकळवा, आनि गाडी बोलवा." नीलाने फोटो काढला तो तेव्हाचा.

कोणी चुकवलं

पू रक्तात गेला होता. नंतर कळलं की दोन दिवस उशीर झाला असता तर हे लिहायला मी नसतो. त्याच डॉक्टरबाई होत्या. रक्ताचा कागद हातात धरून दादाला म्हणाल्या, "एवढी मोठी जखम, तर पांढऱ्या पेशी दुपटीने वाढायला हव्या होत्या. यांच्या शरीराने दखलच घेतलेली नाही." ऑपरेशन करून सडलेलं सगळं कापून काढलं. मला भूल द्यायचीही फारशी गरज नव्हती. तरी दिली, कारण अंगाला कळत नसलं तरी रक्तदाब चढतो.

मग बाईंनी विचारलं, साध्या आवाजात, "दोन तासांनी वळवत होता ना? मध्ये कोणाकडून चुकलं का?"

हा प्रश्न दारात विचारला गेला आणि मी आतून ऐकला. नीला म्हणाली, "माझ्याकडून नाही." वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडून तर नाहीच." नीला म्हणाली, "मग जखम आपोआप झाली का, ताई?" सहा महिने न झोपलेली बाई होती ती. पण शब्द गेला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा घरी गेला आणि खाटेची पाटी पिशवीत घालून वसईहून इस्पितळात घेऊन आला. आदल्या दिवसाच्या नोंदी तिच्यावर तशाच होत्या. ती त्याने नीलासमोर धरली. "वाच. माझी बारी कुठे चुकली ते दाखव."

नीला वाचेना. दादा पाटी घेऊन निघून गेला. मी डोळे मिटून पडलो होतो. मी जागा आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

तोंड उघडायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मला लाज वाटली. मरायला टेकलेल्या माणसाला लाज कसली वाटते, असं तुम्ही म्हणाल. मरायला टेकलेल्यालाच जास्त वाटते, त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं. मी स्वतःला सांगितलं की बरा झालो की सांगेन. बरा व्हायला लागलो तेव्हा सांगितलं की घरी गेल्यावर सांगेन.

आग्नेस

घरी आलो तेव्हा दोन घरांमधलं मधलं दार बंद झालं होतं. वहिनी येईनात. दादा ओट्यावर बसेना. नीला एकटी चोवीस तास, आणि एक बाई दिवसा मदतीला. नीलाने दादाच्या घराबद्दल एक शब्द काढला नाही. भांडी मात्र जोरात आपटायची.

आता डावी कूस बंद. पालथा किंवा उजवीकडे, दिवसभर भिंत नि खुर्ची. मला बघावं लागू नये असं जे वाटत होतं तेच आता बघायला होतं.

आग्नेस रोज ड्रेसिंगला येऊ लागली. पहिले काही दिवस ती कामापुरतं बोलली. एकदा नीला बाहेर फुलवाल्याशी बोलत असताना तिने माझ्या उजव्या खुब्यावर बोट फिरवलं. म्हणजे तिने तसं सांगितलं, मला कसं कळणार?

"काका, तुमची उजवी बाजू एकदम साफ आहे."

"बरं आहे की."

"बरं नाय. दोन्ही कुशीवर सारखं झोपणाऱ्याचं दोन्हीकडं थोडं थोडं लाल होतं. तुमचं डावीकडं हाडापर्यंत गेलं नि उजवीकडं टिकली एवढा डाग नाय. तुमी उजवीकडं झोपतच नव्हते."

"मला काय कळतं त्यातलं? मला तर अंगच लागत नाही."

तिने हातमोजे काढले. "अंगाला कळत नाय," ती म्हणाली, "तोंडाला कळतं ना?"

तिने पट्ट्या कापल्या, चिकटवल्या, कचरा पिशवीत बांधला. जाताना म्हणाली, "मी कोनाला सांगनार नाय. माझं काम ड्रेसिंगचं. पण तुमच्या दादाच्या घरी बोअर मारायचं ठरलंय, बोअरच्या गाडीवाल्यानं सांगितलं. ते पन जखमेतच धरा."

ते ऐकून मला घाम फुटला. खरा घाम, भीतीचा. दादाची बोअर पडली की विहिरीचं पाणी कमी होणार, पण तो भाग वेगळा. बोअर पडली की बारीच संपली. मग आम्ही दोघे शेजारी राहणारे दोन लोक. आणि त्याला बारी चुकवणारा ठरवून हे झालेलं असणार.

पाणाड्या

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास मी उजव्या कुशीवर होतो आणि खिडकी पाठीमागे होती. वाडीतून अनोळखी आवाज आला. "इथे जरा हलतोय बघा." तळहातावर नारळ आडवा ठेवून पाणी बघणारा पाणाड्या आला होता. नारळ जिथे उभा राहील तिथे बोअर.

मी नीलाला हाक मारली. "खुर्ची काढ."

"कुठली?"

"ती."

तिने प्लॅस्टिक फाडलं. आग्नेसने अर्धा तास बसायला हरकत नाही असं सांगितलेलं होतंच, मीच इतके दिवस नको म्हणत होतो. मदतीच्या बाईने आणि नीलाने मला चादरीने सरकवून बसवलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, थांबलो, मग बरं वाटलं. नीलाने विचारलं नाही कुठे जायचंय. पाटाच्या कडेच्या वाटेने तिने मला विहिरीपर्यंत ढकललं. मी पडलो होतो ती जागा वाटेत लागली. दगडावर शेवाळ आलं होतं.

पाणाड्या नारळ घेऊन उभा, दादा त्याच्या मागे. दादाने मला खुर्चीत पाहिलं आणि त्याचा चेहरा हलला. मग त्याने तो जागेवर आणला. वहिनी त्यांच्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दादा," मी म्हणालो, "तू बारी चुकवली नाहीस. वहिनींनी नाही, नीलाने नाही. मी चोरली. पाठीवर असलो की प्रत्येकाला सांगायचो की आधीच्याने उजवीकडे ठेवलं होतं. उजवीकडे मला कोणी ठेवलंच नव्हतं. मीच ठेवू दिलं नव्हतं."

"का?"

"खिडकी डावीकडे आहे."

नीलाचे हात खुर्चीच्या दांड्यावरून सुटले. ते मला कळलं, कारण खुर्ची जरा मागे घरंगळली. मदतीच्या बाईने धरली.

बोलल्या त्या वहिनी. "भावजी, रोज दिवा लावताना मी आठवत बसायची, माझ्या हातून कुठल्या दुपारी चुकलं. एखाद्या दुपारी डुलकी लागली असेल का. मला तर शेवटी आठवायलाही लागलं होतं." आणि त्या आत गेल्या.

पाणाड्याला काय करावं ते कळेना. त्याचा हात अवघडला होता. दादाने त्याच्या तळहातावरचा नारळ उचलला. "चहा घ्या नि जा," तो म्हणाला. "आज पाणी बघायचं नाही."

आता

नीला माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. कूस वेळेवर बदलली, जेवण भरवलं, नळी धुतली, एक शब्द नाही. मला वाटतं तिला वहिनींची माफी मागावी लागली त्याचाच राग जास्त होता. त्यांनी एकमेकींना काय सांगितलं ते मला माहीत नाही. नवव्या दिवशी ती म्हणाली, "टाचणीच्या वेळीच मला कळायला हवं होतं." मी हो म्हणालो.

जखम भरायला पुढचे सात महिने लागले. दादाला दोन वर्षांपूर्वी विळ्याने कापलं होतं ते दहा दिवसांत भरलं होतं. दोन भाऊ, एकच रक्त. मध्ये दोनदा लघवीत जंतू झाले, एकदा छाती भरली. आता मी ताप बघत नाही. जेवण नकोसं झालं, डोकं ठणकलं, कपाळाला घाम आला की आग्नेसला फोन. ती आली की आधी वास घेते. चाफा बांधायचं काम आता वहिनींच्या ओट्यावर हलवलंय.

पुस्तिकेत भर घालायची झाली तर एवढीच घालीन. कूस बदलताना बाजू पेशंटला विचारू नका, लिहून ठेवा. आणि खाट अशी लावा की दोन्हीकडे बघायला काहीतरी असेल. हे डॉक्टरांना सुचत नाही, ते कधी दोन तास भिंत बघत पडलेले नसतात.

विहिरीवर कबूल केलं त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दुपारी दोनला मधलं दार वाजलं. दादा आत आला, माझ्याकडे न बघता. हातात खाटेची पाटी होती, इस्पितळातून नेलेली. ती त्याने पुसली होती आणि खिळ्याने तिच्यावर तिसऱ्या रकान्याची उभी रेघ ओढली होती, पुसली जाऊ नये अशी. ती टांगली. मी पाठीवर होतो. त्याने चादर धरली आणि विचारलं नाही. मला उजवीकडे वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी घातली, घोट्याखाली उशी घातली, अगदी वॉर्डात शिकवल्यासारखी.

मग तो भिंतीकडच्या बाजूला आला. बसायला तिथे ती एकच गोष्ट होती. त्याने व्हीलचेअर उघडली, माझ्या तोंडासमोर ओढली आणि तिच्यात बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"इकडे बघण्यासारखं काही नाही ना," तो म्हणाला. "मग माझं थोबाड बघ."

दोन तास तो तिथे बसला. चारच्या सुमारास त्याने मला पुन्हा पाठीवर घेतलं, खडू उचलला आणि लिहिलं: दोन ते चार, नरेश, उजवी.